देविदास सर फळा फार लवकर पुसतात

देविदास सरांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. उमरीच्या ज्युनिअर कॉलेजात वीसेक वर्षं या माणसानं गणित शिकवलं, पण त्यांच्या वर्गातल्या खुर्चीवरची धूळ काही हलली नाही. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर. उजवा लिहायचा आणि डावा मागोमाग पुसत यायचा. पोरं वहीत अर्ध्या ओळीवर असायची तोवर फळ्यावरची ती ओळ गायब! घरीही तीच गत. जेवायला बसले तरी मांडी हलायची. बायको कावेरीबाई वैतागून म्हणायच्या, "अवो, ताट सांडंल! बसा की माणसासारखं." "बसलोच की," असं म्हणता म्हणता हे गृहस्थ हात धुवायला उठलेले असत.

यंदाच्या जूनमध्ये तर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. कारण साधं होतं. आपल्याकडं दहावीला पोराला बरे मार्क पडले की आईबाप त्याला उचलून लातूरला नेऊन टाकतात. डॉक्टर करायचं असतं. डॉक्टरकीला जीवशास्त्र लागतं, गणित लागत नाही, म्हणून अकरावीला पहिली कुऱ्हाड गणितावर. उमरीत राहिलेली पोरंही त्यांचंच बघून गणित सोडायला लागली. शेवटी संस्थेनं सरांना सांगून टाकलं की अकरावीला गणिताची पंधरा पोरं झाली तर विषय चालेल, नाहीतर बंद. विषय बंद म्हणजे सर जादा ठरले. मग पाठवतील तिकडं जायचं आणि देतील ते शिकवायचं. चौदा पोरं झाली होती. पंधराव्यावर घोडं अडलं होतं.

पोरं गोळा करायची आमच्या मास्तर लोकांची एक रीत आहे. घरी जायचं, चहा प्यायचा, पोराचं कौतुक करायचं आणि "जपून ठेवतो" म्हणत त्याची दहावीची मूळ गुणपत्रिका पिशवीत टाकायची. कागद ज्याच्या पिशवीत, पोरगं त्याचं. दुसऱ्या कॉलेजचा मास्तर आला की त्याला कोरा चहा पिऊन परत जावं लागतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरांनाही कधी वाटलं नव्हतं.

तर पंधरावी म्हणून त्यांनी आरती हेरली होती. धर्माबाद रस्त्यावरच्या एका गावची, हणमंतरावांची नात. कॉलेजला जोडून असलेल्या शाळेत सर दहावीलाही शिकवायचे, तिथं ती त्यांच्याच हाताखाली होती आणि गणितात शाळेत पहिली आली होती. सर सकाळीच फटफटीवर तिच्या घरी पोचले. चहा झाला, कौतुक झालं, गुणपत्रिका पिशवीत गेली. मग सर ओसरीत येरझाऱ्या घालत सुरू झाले, "गणित सोडू नका, मामा. बारावीला गणित नसलं की इंजिनिअरिंगचं दार बंद. उद्या पोरीचं मन बदललं तर कुठं जाईल ती? पोरीची बुद्धी गणिताचीच हाय, मी सांगतो ना!"

हणमंतरावांनी शांतपणे सुपारी कातरली. "सर, तुमचा अंगद कुठं असतो?"

"लातूरला."

"काय घेऊन राहिला?"

सरांच्या येरझाऱ्या थांबल्या. "जीवशास्त्र."

"अन् गणित?"

"सोडलं."

"गणिताच्या मास्तरानं आपल्या पोराचं गणित सोडवलं," हणमंतराव म्हणाले, "मग आमच्याच पोरीच्या गळ्यात कामून बांधून राहिले, बाप्पा?"

कुणी फाडकन तोंडात मारावी तसं झालं. आरती दाराशी उभी होती. तिच्या देखत सरांनी पिशवी खांद्याला लावली. "येतो," एवढंच म्हणून ते निघाले, आणि गडबडीत पोरीची गुणपत्रिका पिशवीतच राहिली.

घरी जायचं सोडून त्यांनी फटफटी स्टँडवर लावली, नांदेडची बस पकडली आणि तिथून लातूरची. बसमध्येही जागा असून दांड्याला धरून उभे! डोक्यात नुसता भुगा झाला होता. अंगदची बारावी झाली. नीटला एकदा बसला, जमलं नाही. यंदा पुन्हा बसला, पुन्हा मार्क कमी. आता तिसऱ्यांदा बसायचं ठरलं होतं. ठरवलं कुणी? सरांनी. त्याला काय पाहिजे ते आपण विचारलं होतं का, हे आठवायचा त्यांनी अहमदपूर येईपर्यंत प्रयत्न केला. आठवेना.

बापाला दारात बघून अंगद घाबरलाच. "काय झालं? मम्मी बरी हाय ना?"

"बरी हाय. तुला एक विचारायचं होतं." सर खोलीत इकडून तिकडं फिरायला लागले. खोली ती केवढी! दोन पावलांत भिंत. "तुला काय पाहिजे होतं रे? अकरावीला. म्हणजे मला म्हणायचंय की, तेव्हा परिस्थिती अशी होती की—"

"पप्पा, विचारलंत ना? मग सांगू तर द्या."

सर भिंतीशी थांबले.

"गणित पाहिजे होतं," अंगद म्हणाला. "मी म्हणलो होतो तुम्हाला. तुम्ही हाव म्हणलात, अन् दुसऱ्या दिवशी इथं येऊन माझी खोली ठरवलीत."

"अन् आता?"

"आता येत न्हाई." अंगद खाली बघत होता. "परवा शेजारच्या पोरानं अकरावीचं एक गणित आणलं. तुझे पप्पा गणिताचे सर हाईत ना, म्हणला. मला पहिली ओळ सुदीक सुचली न्हाई. लई लाज वाटली."

सर म्हणाले, "बारावी पास झाल्यावरही एकटा गणित विषय घेऊन बोर्डाला बसता येतं, बेटा. नंतर इंजिनिअरिंगची परीक्षा देता येते."

"मला ठाऊक हाय. तुम्हीच गावातल्या पोरांना सांगत असता." त्याचा आवाज चढला नाही, तेच सरांना जास्त लागलं. "मलाच कधी सांगितलं न्हाई."

सरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पोरापासून लपवले नाहीत. सकाळच्या बसनं बापलेक दोघं उमरीला आले. अंगदला घरी सोडलं आणि सर थेट हणमंतरावांच्या दारात.

या वेळी ते बाजेवर बसले. पाय हलत होते म्हणून दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. पिशवीतून गुणपत्रिका काढली आणि हणमंतरावांकडं न देता आरतीच्या हातात दिली. "ही तुझी. मी न विचारता नेली होती. आता पोरी, तू सांग. तुला काय घ्यायचंय?"

पोरगी आजोबांकडं बघायला लागली. सरांच्या जिभेवर गणिताचे सगळे फायदे येऊन उभे राहिले, पण त्यांनी ओठ मिटून घेतले. हणमंतराव सुपारी कातरत राहिले.

"गणित," आरती म्हणाली. सरांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढं म्हणाली, "पण तुमच्याकडं न्हाई, सर."

"आँ? का गं?"

"तुम्ही फळा लई लवकर पुसता. मागच्या बाकावर अर्धंच गणित वहीत यायचं. उरलेलं मी घरी येऊन जुळवत बसायची. शेजारची बबिता तर रडायची. तिनं त्याच्यामुळंच आर्ट्स घेतलं."

हणमंतरावांना हसू आवरेना. "घ्या! म्हणजे हिचं गणित पक्कं झालं ते तुमच्या पुसण्यानं!"

सर हसले नाहीत. बबितासारखी किती गेली असतील, हा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता आणि तो सुटणारा नव्हता. "आता न्हाई पुसणार," ते म्हणाले.

"तुमच्या हाताला सवय हाय, सर." आरतीनं थोडा विचार केला. "डस्टर माझ्याकडं ठेवायचं. मग येते."

हणमंतरावांनी नातीकडं असं बघितलं, जणू ती आजच घरात आली होती. "जाऊ द्या तिला," ते म्हणाले. "डॉक्टरकीचं मीच मनात धरलं होतं. तिला कुणी विचारलं होतं!"

जुलैत वर्ग भरला. पटावर पंधरा. शेवटच्या बाकावर अंगद, सोळावा, तो पटावर नव्हता. पहिलाच धडा कोन आणि त्याचं मापन. सरांनी झपाट्यानं फळा भरला आणि सवयीनं डावा हात हलला. हातात काही नव्हतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. पहिल्या बाकावर आरती डस्टर मांडीवर घेऊन बसली होती. एकेक करत पोरांच्या माना वर आल्या.

"दे आता," सर म्हणाले.

आरतीनं मागं बघितलं. अंगदची मान खालीच होती. तो एकेक आकडा फळ्यावर बघून हळूहळू उतरवत होता, मध्येच खोडत होता, पुन्हा लिहीत होता. आरतीनं डस्टर दिलं नाही.

सरांनी खुर्ची ओढली. हातानंच धूळ झटकली आणि बसले. वर्गात कुजबूज झाली, ती त्यांनी ऐकली नाही. ते पोराच्या हाताकडं बघत राहिले.

बऱ्याच वेळानं अंगदनं मान वर केली. "झालं, सर."

"बघ एकदा नीट," सर बसल्या जागेवरून म्हणाले. "घाई न्हाई."