आत्या थांबायची त्या जागी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर बरेचसे अर्ध्यात सोडून पान उलटतो. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. माझा विश्वास तारेवर आणि बॅटरीवर...

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी पंचविशीचा. कर्जतला लागून दहिवलीत आमचं घर, घरात मी आणि आत्या, दोघंच. लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा मी नुकताच सुरू केला होता. लग्न असलं की मोटारीची बॅटरी, भोंगा आणि रेकॉर्डी बैलगाडीत घालून निघायचं.

आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला जी गाणी म्हणतात ते धवळे, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आत्याचे धवळे जोडीने चालायचे — एकीने ओळ टाकायची, दुसरीने पुढची उचलायची. तिची जोडीण कशेळ्याची हिरूमावशी. वीस वर्षं दोघी गावोगाव चालत गेल्या. मी दहा-बारा वर्षांचा असताना हिरूमावशी तापाने गेली. आत्याने दुसरी जोडीण केली नाही. एकटीच म्हणायची, पण आपली ओळ झाली की थांबायची. दुसरी ओळ म्हणून व्हावी तेवढा वेळ गप्प, मग तिसरी. लोकांना वाटे म्हातारीला दम लागतो. "आमची धवलारीण माथेरानच्या गाडीवानी पानी भराया थांबते," म्हणून हसायचे.

त्यात माझ्या रेकॉर्डी आल्या, आणि आत्याला बोलावणी कमी झाली. ते मला टोचत होतं. म्हणून खालापूरच्या एका लग्नात मी ठरवलं की आत्याला मायक्रोफोनवर घ्यायचं.

मायक्रोफोनमधून निघणारा आवाज फार क्षीण असतो. मोठ्या अँप्लिफायरला देण्याआधी तो वर उचलणारी एक छोटी पेटी लागते, प्रीअँप्लिफायर. मासिकातली सर्किटं बघून मी घरीच दोन बांधले. एकात दोन व्हॉल्व्ह, रेडिओत असतात तसे काचेचे दिवे — आवाज दणदणीत, पण सगळा एका पातळीवर, भिंतीला चिकटवलेल्या चित्रासारखा. दुसऱ्यात एकच व्हॉल्व्ह आणि तोंडाशी मी हाताने तार गुंडाळून केलेला ट्रान्सफॉर्मर. हा जोराला कमी, पण कानाला हेडफोन लावले की अंगणातली कोंबडी किती हातांवर आहे तेसुद्धा कळायचं. दोन्हींतला कुठला न्यायचा ते आत्याचा आवाज ऐकूनच ठरवायचं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी म्हणालो, "आत्ये, एक धवळा म्हण."

"लग्नाबिगर धवळा म्हनत नाय रं. मांडव नाय, नवरी नाय... कुनासाठी म्हनू?"

"पेटी तपासायचीय गं."

ती पेट्यांकडे बघत राहिली. "यात लांबचं ऐकू येतं?"

"येतं. ह्या दुसरीत जास्त."

ती उठली. चूळ भरली, कपाळाला हळद लावली आणि मायक्रोफोनपुढे येऊन बसली. "दार लोटून घे," म्हणाली.

मी मागच्या पडवीत, कानाला हेडफोन. भोंगा जोडलेलाच नव्हता. आधी दोन व्हॉल्व्हची पेटी ऐकली. आत्याचा आवाज मोठा, स्वच्छ. ती थांबली की नुसती खरखर. मग तार काढून दुसऱ्या पेटीला लावली.

आत्याने ओळ टाकली. थांबली.

आणि पुढची ओळ उचलली गेली.

आत्याच्या मागून, चार-पाच हातांवरून. आवाज किंचित घोगरा, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. मी एका कानावरचा फोन बाजूला केला. घरात शांतता. परत लावला — ओळ चालू होती. ते शब्द आत्याचे नव्हते, तिने ते इतक्या वर्षांत कधी म्हटले नव्हते. लहानपणी ऐकलेले ते शब्द, तो आवाज... मी ओळखला. पाच-सहा ओळी मी ऐकल्या. मग बॅटरीची तार उपटली.

आत आलो तर आत्या माझ्याचकडे बघत होती.

"कुनी उचललं का रं?"

ती का बसली होती ते मला तेव्हा कळलं.

"नाय," मी म्हणालो.

"कायच नाय?"

"नुसती खरखर."

तिने पदराने कपाळावरची हळद पुसली आणि चुलीकडे गेली.

का नाही म्हणालो? भ्यालो, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. होय म्हटलं असतं तर तिने मांडवात तीच कमी जोराची पेटी मागितली असती, आणि मला माझ्या धंद्याचं हसं व्हायला नको होतं.

खालापूरला मी दोन व्हॉल्व्हची पेटी नेली. आत्याचा आवाज पार कचेरीपर्यंत गेला. ती थांबायची तेही तितकंच मोठं झालं, भोंग्यातून नुसती खरखर बाहेर पडायची. माणसं हसायला लागली. नवऱ्याचा मामा म्हणाला, "रेकॉर्ड लाव रं बाबा, आत्याबाईला जरा दम खाऊ दे."

मी लावली.

परतताना गाडीत आत्या बैलांकडे बघत होती. मग म्हणाली, "काल तू माज्याकडं बघून नाय बोल्लास."

"आत्ये, खरंच नव्हतं काय."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिने धवळा म्हटला नाही. त्याच पावसाळ्यात ती गेली.

पुढे मी ती पेटी बऱ्याचदा जोडून बसलो. रिकाम्या घरात, त्याच जागी, तोच मायक्रोफोन. माझा श्वास ऐकू येतो, पाल ऐकू येते. बाकी काही नाही. जाणकारांना आडून विचारून पाहिलं. कुणी म्हणालं प्रतिध्वनी — पण प्रतिध्वनी पुढची ओळ म्हणत नाही. कुणी म्हणालं रेडिओ घुसला असेल. पण आमचा धवळा रेडिओवर कोण म्हणणार, आणि तोही आत्या थांबेल तेव्हाच? उत्तर मिळालेलं नाही. मिळेल असं वाटतही नाही.

आत्याने मला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. हिरूमावशीने ओळ उचलली होती, एवढं सांगायचं देणं मी आत्याचं लागतो.