टावेल टाकून धरलेली जागा

अख्ख्या सीमाभागात आमच्या घरमालक अण्णांइतका बुचकळ्यात टाकणारा माणूस दुसरा नसेल. बसवकल्याणात त्यांच्या माडीवर मी अकरा वर्षं भाड्यानं राहतोय, शाळेत मराठी शिकवतो, चार माणसं मला बरा समजूतदार धरतात. पण अण्णांशी दहा मिनिटं बोललो की आपण कुठून निघालो नि कुठं येऊन पोचलो तेच मला कळेनासं होतं. बांगलादेशच्या लढाईत ते विमान चालवत होते आणि पुढं त्यांनी स्वतःची विमान कंपनी काढली, एवढं गावात कुणीही सांगेल. त्यापुढचं अण्णा स्वतः सांगतात आणि तिथून घोटाळा सुरू होतो. सोमवारी ते एका पुलावर बॉम्ब टाकत असतात, गुरुवारी त्याच पुलापलीकडं अडकलेल्या आपल्या जवानांना तांदळाची पोती टाकत असतात. एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, नक्की काय? बॉम्ब की तांदूळ?" ते म्हणाले, "गुरुजी, वरून टाकनाऱ्याला दोन्ही सारखंच. खालच्याला इचारा." खाली कोण होतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून तो विषय तिथंच राहिला.

विमान सुटलं तरी विमानाच्या सवयी सुटलेल्या नाहीत. शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावरून वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय अण्णा भाजीलाही बाहेर पडत नाहीत. शेजारीण आधी चिडायची. आता वारा पडला असेल तर ती स्वतःच हाक मारून तसं कळवते. ओसरीत तुरीची पोती तोलायचा काटा आहे. त्यांच्या जीपमध्ये बसायचं असेल तर मंत्री असो की व्याही, आधी काट्यावर उभं राहावं लागतं. माझे सासरे उमरग्याहून पहिल्यांदा आले तेव्हा अण्णांनी त्यांचं वजन भर ओसरीत मोठ्यानं जाहीर केलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी म्होरं नगा बसू. शेपटीकडं बसा, न्हाईतर नाक उचलायचं न्हाई." सासरे गुपचूप मागं जाऊन बसले. जीपला शेपटी कुठून आली, हे ते मला अजून विचारतात आणि मलाही ते सांगता येत नाही.

कंपनीची गोष्ट मात्र खरी, कारण तिचा फोटो देवघराशेजारी आहे. जुनं, दोन पंख्यांचं, नऊ जागांचं एकच विमान. एका साखर कारखान्याच्या माळावरच्या पट्टीवरून ते हैदराबादला जायचं. पहिल्या दिवशी अण्णा खाकी कपडे करून विमानापाशी पोचले, तर आतल्या प्रत्येक जागेवर कुणाचा ना कुणाचा टावेल. एस्टीत खिडकीतून टाकतात तसे लोकांनी पहाटेच येऊन, उघड्या दारातून टावेल टाकून जागा धरल्या होत्या. खजुरी गावचा एक शेतकरी तर थेट चालकाच्या जागेवर टावेल टाकून बसला होता. समोरचं सगळं दिसतं म्हणून त्याला ती आवडली होती. अण्णा म्हणाले, "ही जागा माझी हाय." त्यानं शांतपणे विचारलं, "तुमचा टावेल कुठाय?" अर्धा तास विमान जागचं हललं नाही. पण मौज अशी की, अण्णांना त्या माणसाचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच्या जागेवर टावेल टाकायला लागले आणि पाठीमागच्या खिडकीच्या जागेवर आणखी एक, निळ्या काठाचा.

हा दुसरा टावेल अक्कांचा. अक्का म्हणजे घरमालकीणबाई. नवऱ्याचं विमान आहे पण बायको कधी बसली नाही, याची सगळ्या तालुक्याला गंमत वाटायची आणि अण्णांना तेवढं एकच दुःख होतं. अक्कांना खाली बघायची भीती. विहिरीतसुद्धा त्या डोकावत नसत. "आज न्हाई, उद्या बसते," असं म्हणायच्या आणि अण्णा ते खरं मानायचे. गर्दी असली तरी ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. "मानूस येनार हाय," एवढंच सांगायचे. पुढं विमानाचे सुटे भाग मिळेनात, कंपनी बंद पडली, विमान भंगारात गेलं. तरी माणूस आलं नाही. टावेल तेवढा घरी आला आणि धुऊन, घडी करून कपाटात राहिला.

यंदा अक्कांचे डोळे फारच अधू झाले. समोरचं माणूस त्या आवाजावरून ओळखतात. बेंगळूरच्या मुलीनं तिथला डॉक्टर ठरवला आणि आठवडाभर घरात बसनं जायचं की रेल्वेनं याची चर्चा चालली. शेवटी अक्काच म्हणाल्या, "इमानानं जाऊ की. आता खालचं दिसतच न्हाई, तर भ्यायचं कामून?" अण्णा उठून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सोबतीला मला नेलं. बीदरच्या विमानतळावर अक्कांना चाकाच्या खुर्चीतून हळूहळू आणत होते, तेवढ्यात अण्णा पुढं विमानात शिरले आणि खिडकीच्या जागेवर त्यांनी तोच निळ्या काठाचा टावेल टाकला. हवाई सुंदरीनं समजावलं, "आजोबा, सीटला नंबर आहे, ती तुमचीच आहे." अण्णा म्हणाले, "नंबर असंल. टावेलबी असू द्या."

मी मागच्या खिडकीत होतो. विमान उडालं आणि पाच मिनिटांत बाहेर ढगांशिवाय काही उरलं नाही. पुढं अण्णा अक्कांच्या कानाशी सांगत होते, "ह्यो बीदरचा किल्ला. ह्ये कारंजा धरनाचं पानी चमकायलंय. आता ह्ये आपलं शेत, बांधावर आंबा. सालगडी बैल सोडायलाय बघ." मी पुन्हा पुन्हा काचेला नाक लावून पाहिलं. शेत तर भलत्याच दिशेला, आणि बैल यांनी विकून सहा वर्षं झाली. लढाईतला तो पूलही यांनी असाच पाहिला असेल का? माझा पार गोंधळ उडाला.

इतक्यात अक्कांनी मान मागं वळवली. "गुरुजी, ह्ये खरं सांगायलेत का?"

"व्हय अक्का," मी म्हणालो. "आंबा मलाबी दिसायलाय."

अक्का पुन्हा काचेकडं वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढंच असतंय व्हय? मग म्या उगंच भ्याले की इतकी वर्सं." अण्णांनी त्यांचा हात धरला तो खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

बेंगळुरात उतरताना टावेल जागेवरच राहिलेला दिसला. मी तो उचलायला वाकलो, तर अण्णा मागं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. बसून झालं तिचं."