गिरणीतला जड आवाज

बँड मोडून कितीतरी वर्षं झाली, तरी आम्ही तिघं भेटलो की गाणी कुणालाच आठवत नाहीत, किस्सेच निघतात! चहा परत मागवावा लागतो. नव्वदच्या दशकातलं पनवेल, प्रमोदच्या काकांची बंद पडलेली भाताची गिरणी, आणि आम्हाला वाजवायचं होतं डेथ मेटल, म्हणजे पोटातून गुरगुरत गायचं ते जडशीळ रॉक. ड्रमवर प्रमोद, गिटारवर मी, गायला जवळच्या कोन गावचा नितीन.

*

परदेशी बँडच्या कॅसेट ऐकायचो, पण त्यांच्यातला जडपणा आमच्याकडे काही येईना. मी अँप्लिफायर फुल केला, तर नुसता कलकलाट! मग गिटारच्या तारा सैल करत गेलो, पार खालच्या सुरापर्यंत. एक तार छेडली आणि पत्र्याचं शटर थरथरलं. दारातला कुत्रा उठला, मागे मागे सरकत गेला, तो परत कधी गिरणीत आला नाही.

"आत्ता जमलं!" प्रमोद म्हणाला.

*

प्रमोदला वाटायचं, जेवढं फास्ट तेवढं हेवी. एकदा दमून त्याने वेग निम्म्यावर आणला आणि माझ्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. मग आम्ही मध्येच सगळे एकदम थांबायला शिकलो. त्या शांततेनेच घाम फुटायचा. एकदा असे थांबलो, तरी जमीन घुमतच राहिली.

"न्हावा शेवा बंदराकडे जाणारा ट्रेलर असेल," मी म्हणालो.

नितीन बाहेर बघून आला. "रस्त्यावर काय नाय."

*

पनवेलची बँडची स्पर्धा तोंडावर आली आणि पोटातून गुरगुरून गुरगुरून नितीनचा घसा बसला. थुंकीत रक्त! डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर बोलायलाही आवाज उरणार नाही." दुसरा गायक बघू म्हटलं, तर पठ्ठ्या रडायलाच लागला. मग तो विषय आम्ही सोडून दिला.

*

त्याला बघायला कोनला गेलो, तर त्याच्या आईच्या अंगात देवी आलेली. एवढीशी बाई, पण आवाज इतका खोल आणि खरखरीत की फळीवरची भांडी वाजत होती. आम्ही जे शोधत होतो ते हेच! वारं उतरल्यावर तिने आपल्या बारीक आवाजात चहा विचारला.

नितीन कसाबसा म्हणाला, "आये, तुझा घसा कसा नाय बसत? मला पन शिकव ना."

"शिकवू काय?" ती हसली. "त्या वेलेला मी गपच असते."

*

स्पर्धेत नितीनच गायला. असा जड आवाज पनवेलने ऐकला नव्हता, हॉल नुसता गार पडला. लोक आजही मला विचारतात, घसा बसलेला पोरगा गायला कसा?

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याचं तोंड मिटलेलं होतं.