रुवैसच्या लखोट्यातला श्री

प्रभावतीबाई निवडून आल्या, पेढे वाटून झाले, आणि मग रुवैसचा लखोटा सापडला.

अबुधाबीच्या मराठी मंडळात स्वयंपाकाचं खातं एकोणीस वर्षं बाईंकडे होतं. समोर कधी कुणी उभंच राहिलं नाही. यंदा उपेंद्र राहिला. बँकेतला, गोड बोलणारा मुलगा. त्याचं म्हणणं, सणाचं जेवण केटररला देऊ आणि लांबच्या सभासदांना आणायला बस ठेवू. वर म्हणाला, काकू, तुम्ही आता आराम करा.

आराम म्हणजे काय ते बाईंना ठाऊक होतं. अल रीमला लेकाच्या घरी सव्विसाव्या मजल्यावर बसून काचेतून समुद्र बघायचा. लेक-सून ऑफिसला, नात अस्मी 'बाय आजी' करून कॉलेजला गेली, की संध्याकाळपर्यंत बोलणं खलास. खातं होतं म्हणून निदान फोन यायचे, डाळ किती भिजवू, गूळ कुठला आणू. त्या फोनांसाठी बाई लढल्या. त्यांना सत्तेचाळीस मतं पडली, उपेंद्रला पंचेचाळीस.

दोन दिवसांनी नागेशराव गावाहून परतले. मंडळाच्या पोस्टबॉक्सची किल्ली त्यांच्याच खिशात राहिलेली. बॉक्स उघडला तर आत लखोटा, लांबच्या रुवैस गावातल्या सभासदांनी टपालानं पाठवलेल्या मतांचा. शिक्का मुदतीच्या आतला, म्हणजे मोजणं आलंच. मोजणीला पुन्हा विजयकुमारांना बोलावलं. ते केरळचे, मंडळात त्यांचं ना काकाचं नातं ना मामाचं, म्हणून ते काम त्यांच्याकडे.

नऊ चिठ्ठ्या निघाल्या. बाईंना तीन, उपेंद्रला सहा. म्हणजे उपेंद्र एका मतानं पुढे. बाईंच्या बाजूचे म्हणाले, परत मोजा. परत मोजताना विजयकुमारांचा चष्मा कागदांच्या माथ्यावर थबकला. नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर बारीक श्री काढलेला होता. शहरातल्या एकाही चिठ्ठीवर तो नव्हता. आणि नियम असा, की मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली तर मत बाद. ही नऊ बाद झाली, तर बाईच निवडून आलेल्या राहत होत्या.

विजयकुमारांनी हिंदीत विचारलं, ही कुणाची खूण आहे का? कुणाला काही माहीत आहे?

माहीत एकाच माणसाला होतं, आणि ते माणूस पदराशी चाळा करत बसलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी बाईंचे यजमान रुवैसच्या रिफायनरीत होते. तेव्हा सुट्टी शुक्रवारची. दुपारी कॅम्पवरची कोकणातली पोरं क्वार्टरमध्ये यायची, घरून आलेली पत्रं वाचून घ्यायला. बाई स्वतः चौथी पास. पण वाचून वाचून एक दिवस कंटाळल्या नि म्हणाल्या, बसा, शिकवते. रिफायनरीच्या रद्दी कागदांच्या पाठीवर अक्षरं गिरवून घेतली. पोरं लुंगी सावरून सतरंजीवर बसत, एसी घरघरत असे, नि चहा तीनदा होत असे. त्या शाळेचा नियम एकच होता, कोऱ्या कागदावर श्री काढल्याशिवाय दुसरं अक्षर लिहायचं नाही. भिवा तर पेन्सिल इतकी दाबायचा की श्रीच्या वेलांटीला मासा लागेल असा गळ व्हायचा.

तो गळ त्या नऊ चिठ्ठ्यांत दुसऱ्या नंबरवर होता. खालची फुली उपेंद्रच्या नावासमोर.

आपल्या विद्यार्थ्यानं आपल्याला पाडलंय हे बाईंना त्या बारीक वेलांटीनं सांगितलं. आणि ही वेलांटी मी ओळखते, एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर पडल्याही नसत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. उपेंद्रनं मान खाली घातली होती.

"विजयकुमारजी," बाई म्हणाल्या, "मराठी माणूस वाण्याच्या यादीवर पण श्री काढतो. यात कुणा एकाची ओळख कसली? मोजून टाका."

एक्कावन्न विरुद्ध पन्नास. उपेंद्र पाया पडायला वाकला, तेव्हा बाईंनी त्याला एवढंच बजावलं, की केटरर आमटीत साखर घालतो, लक्ष ठेव. घरी येताना गाडीत अस्मी फुरंगटून बसली होती. "आजी, यू हॅड वॉन. व्हाय डिड यू डू दॅट?" बाई म्हणाल्या, तुला मराठी लिहायला शिकवीन तेव्हा कळेल.

संध्याकाळी रुवैसहून फोन आला. भिवाचा. आवाज जरा चाचरत.

"बाई, आमची मतं पोचली म्हणतात. कागद बरोबर लिहिलेला ना?"

"बरोबर लिहिलास. वेलांटी तेवढी अजून गळासारखीच काढतोस."

पलीकडे एसी घरघरत होता.

"बाई, सणाला यायला गाडीच मिळत नाय ओ आम्हाला," भिवा म्हणाला. "चार वर्षं तुमच्या हातचं खाल्लं नाय."

बाईंनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. काचेपलीकडे समुद्र तसाच होता.

"मग आता पहिल्या बसनं या. नऊ जण ना? केटररचं खाऊ नका. माझ्याकडे या जेवायला," त्या म्हणाल्या, आणि डाळ किती भिजवायची त्याचा हिशेब मनात करू लागल्या.