इत्तोच्या न्हाणीची हिरवी भिंत

"चुना कुणासाठी थांबत नाही," असं इद्दर सारखा म्हणायचा. जेवताना, बूट घालताना, कधी झोपेतसुद्धा. त्याची बायको इत्तो म्हणायची, "आणि तुम्ही?"

माराकेशच्या जुन्या शहरात त्याच्या हातची न्हाणीघरं पुष्कळ होती. चुन्याचा रंगीत गिलावा ओला असतानाच तो गुळगुळीत दगडानं घासत राही. मग त्या भिंतीला हात लावावा, तर न्हाऊन आलेल्या घोड्याच्या पाठीवरून फिरल्यासारखा वाटे. पण त्याचा पाय कुठं टिकत नसे. एक भिंत चमकली की मन दुसरीकडं पळालेलं. घरची न्हाणी मात्र उघड्या सिमेंटची. स्वयंपाकाच्या ओट्यामागची फरशीच्या रंगीत तुकड्यांची नक्षी तर लेक तुदा रांगत होती तेव्हापासून अर्धीच.

आता तुदाला मागणी घालायला मुलाकडच्या बाया येणार होत्या. हात धुवायला त्या न्हाणीतच जाणार, या विचारानं इत्तोचा जीव खालीवर होत होता. तिनं न्हाणीच्या भिंतीला कच्च्या ऑलिव्हचा हिरवा रंग मागितला.

"वरच्या बाजूला खिडकीपाशी जरा फिका ठेवतो. उजेड पाण्यासारखा उतरेल," इद्दर म्हणाला आणि सकाळीच भिंतीला भिडला.

गिलावा चढला. घट्ट होत आवळायला लागला. इद्दरनं दगड काढला आणि फोन वाजला. पाहुणेघराचा मालक होता. हौदाच्या भिंतीला चीर गेली होती, उद्या पाहुणे येणार होते.

इद्दर पुन्हा घासू लागला. पण त्याचा एक पाय दाराकडं वळलेलाच.

"जा," इत्तो म्हणाली. "इथं उभे राहून माझी भिंतही बिघडवाल."

"आणि हिचं काय? दुपारपर्यंत दगडासारखी होईल."

"दगड ठेवून जा. मी घासते."

इद्दर हसला. "कारागिराचा दगड कुणी मागतं का? बापाला दिला नाही मी."

"बापाच्या घरी लेकीची सोयरीक नव्हती."

"अगं, रिकाम्या हातानं तिकडं काय करू?"

"चीर बघून या. बघायला दगड लागतो होय?"

अंगठ्याच्या खळगीत बसून बसून झिजलेला दगड त्यानं दोनदा पुसला, मग तिच्या तळव्यावर ठेवला. "दाबू नकोस. गोल फिरव. भिंत दगडाला ओढायला लागली की हलका हात."

"ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय."

तो बाहेर पडला. गल्लीत दोनदा थांबला, दोनदा वळून पाहिलं. हातांचं काय करावं कळेना म्हणून ते खिशात घातले. मग गाढवाच्या गाडीला वाट देत, भिंतीला घसटत, झपझप निघाला.

खिडकीतून इत्तो बघत होती. डोळे गल्लीत होते, हात भिंतीवर गोल फिरत होता. तो वळणाआड जायच्या आधीच तिला नजर काढून घ्यावी लागली. खालचा कोपरा आवळायला लागला होता.