खालच्या तुकड्यातलं मारवेल

वाटणीत थोरल्या भावाने वरचा मळा ठेवला आणि मला रस्त्याकडेचा खालचा तुकडा दिला. चोपण जमीन ती. कॅनॉलचं पाणी मुरून पांढरी पडलेली, वाळली की दगड, भिजली की साबण. तो राग मी सोडलेला नाही. राहात्याच्या बाजारात पेरूचा व्यापार केला, भांडून भाव मिळवला आणि त्याच तुकड्यावर बंगला बांधला. पुढे लॉन लावली, येता-जाता भावाला दिसेल अशी.

नर्सरीवाल्याशी घासाघीस करून गवताचे गालिचे आणले आणि उसाला देतो तसं पाणी तुंबवलं. आमच्याकडे पीक पिवळं दिसलं की माणूस आधी मोटर चालू करतो. लॉन पिवळी पडली, मी आणखी पाणी सोडलं. कडेने पांढरा थर चढला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मीठ पिकवलंत! आता पेरूबरोबर तेही विका."

मग पाणी निघून जायला चर खणला, जिप्सम टाकलं, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलावर येताच मातीत गाडला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. हळूहळू ढेकूळ मुठीत फुटू लागलं.

आता तिथे गालिचा नको होता. डोळ्यांसमोर वरच्या मळ्याचा बांध होता. कमरेएवढं मारवेल गवत, त्याचे जांभळट तुरे, त्यात वाकलेली आई. फक्त विळ्याचा आवाज यायचा. संध्याकाळी ती जवळ बसली की तिच्या लुगड्याला ओल्या गवताचा वास असायचा. आता सगळ्यांनी बांध कोरून पातळ केलेत, उरलेल्यावर तणनाशक मारतात. मारवेल शिल्लक होतं ते भावाच्याच बांधावर.

शेवटी गेलो. तो उसाला पाणी धरत होता.

"दादा, मारवेलाचे ठोंब पायजेत. काय घेशील?"

"गवताचं पैसं घिऊ व्हय? लई मोठा व्यापारी झालास."

"फुकट नको. वाटणीत काय फुकट मिळालं ते बघितलंय."

त्याने फावडं रोवलं. "आई म्हनली हुती, धाकट्याला रस्त्याकडचा द्या. त्यो शेतात टिकायचा न्हाई."

"आईचं नाव घेऊ नको!" मी ओरडलो. बांधापलीकडचे लोक बघायला लागले.

"बरं, न्हाई घेत. ती कुदळ घे अन् खन."

आई खरंच तसं म्हणाली का, हे सांगणारं आता कोणी नाही. ठोंब मात्र लागले. यंदा बंगल्यापुढे तुरे डोलतात, त्यांवर पिवळी फुलपाखरं बसतात.

परवा सकाळी बघतो तर भाऊ विळा घेऊन गवतात वाकलेला.

"विचारायची काही पद्धत?" मी ओट्यावरून ओरडलो.

"गाय व्यालीय," तो मान वर न करता म्हणाला, आणि कापत राहिला.

राग गेलेला नाही. पण एवढा भारा एकट्याने डोक्यावर घेता येत नाही, म्हणून मी पायऱ्या उतरलो.