भोगीचं वांगं

बाबांचं वर्षश्राद्ध आटोपलं आणि पुण्याला भावाकडे राहणाऱ्या आईला मी तीन महिन्यांच्या व्हिसावर जपानला, एदोगावाला आणलं. नवरा प्रोजेक्टमध्ये बुडालेला, त्यामुळे हिगाशी-कसाईच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघीच. आई बाल्कनीच्या काचेशी बसून राहायची. काही विचारलं तर म्हणायची, "बरी आहे गं." बरी कसली, समोर ठेवलेला चहा तसाच निवून जायचा.

वॉर्डाच्या सार्वजनिक शेतीत मला लॉटरीत एक वाफा मिळाला होता. तिथे उन्हाळ्यातलं वांग्याचं एक झाड अजून तग धरून होतं. आईने त्याची पानं उलटीसुलटी करून पाहिली. "हे भोगीपर्यंत टिकवायचं," ती म्हणाली. "भोगीच्या भाजीला घरचं वांगं."

शेजारच्या वाफ्यातले जपानी आजोबा आपली वांगी उपटून मुळा लावत होते. थंडीत झाड जगेल का, असं मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं. त्यांनी हात हलवला. "मुरी, मुरी."

"मोरी?" आई म्हणाली. "इथे कुठली मोरी?"

मुरी म्हणजे जमायचं नाही, हे सांगताना मला हसू आवरेना. आईही हसली. वर्षभरात पहिल्यांदाच हसली असेल.

मुरी म्हणत म्हणत आजोबांनीच कमानी रोवून दिल्या, वर प्लॅस्टिक ताणलं, बुंध्याशी पेंढा घालायला शिकवलं. भांडण एकाच गोष्टीवरून. आई वरून जुनी शाल टाकून सगळं गच्च बंद करून यायची आणि सकाळी आजोबा ते उघडून ठेवायचे. "मारतोय मेला माझं झाड," ती चरफडायची. एकदा ते आले नाहीत. भर दुपारी आईने आत हात घातला, तर भट्टीसारखं उकडत होतं आणि पानांनी माना टाकल्या होत्या. तेव्हापासून सकाळी उघडायला ती स्वतः जाऊ लागली.

डिसेंबरात एक वांगं धरलं, सुपारीएवढं. व्हिसा भोगीच्या दोन दिवस आधी संपत होता. मी तिकिटाचा विषय काढला तशी आई म्हणाली, "संक्रांत तेवढी इथे काढू दे."

"त्या एवढ्याशा वांग्यासाठी?"

"वांग्याचं काय घेऊन बसलीस! यंदा तुझी वहिनी हळदीकुंकू करणार. करावंच तिने, तिचे दिवस आहेत. गेल्या साली घरात सणच नव्हता. यंदा बायका येतील, आणि मी मागच्या खोलीत. माझ्याच्याने नाही होणार गं."

इमिग्रेशनच्या खिडकीत सभ्य माणूस होता. मुदत कशासाठी वाढवायची? आजारपण? नाही. मी लाल पूड, पिवळी पूड सांगू लागले. विधवा हा शब्द मला जपानीत येत नव्हता. आईकडे बोट दाखवून "हिचा नवरा नाही" म्हणाले. त्याने मान कलती करून सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात नकार दिला. माझं डोकं भणभणलं. पण भांडायचं कुणाशी? तो नियमाने वागत होता. वहिनीनेही काही वाईट केलं नव्हतं.

"मुरी म्हणाला ना?" आईने विचारलं. "तेवढं कळतं मला."

ती पुण्याला गेली त्याच रात्री कडक हिम पडलं. सकाळी प्लॅस्टिकच्या आत झाड काळं पडलेलं, वांगं शिजल्यासारखं मऊ. आजोबांनी कात्री पुढे केली. ती हातात घेऊन मी नुसती उभी राहिले.

संक्रांतीला फोन कार्ड खरवडून मी पुण्याला फोन लावला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी नाव घेत होतं. आईचा आवाज मात्र अगदी दबका.

"कुठे आहेस?"

"आत. दार लावून घेतलंय, बायकांना अवघडायला नको. वांगं कसंय?"

"आहे," मी म्हणाले. "नीट झाकलंय."

"दिवसा उघडत जा हो," आई म्हणाली. "कोंडून ठेवलं की जीव जातो."